अर्ध्याचं अर्धं

आसगावातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून काढलेली पायली मी हातात घेतली, तेव्हा आधी नजर गेली ती तिच्या काठाकडे. पत्रा जाड होता, बाहेरून कडं ठोकलेलं होतं, पण काठाची एकच बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. मापारी पायली राशीत खुपसतो, हाताने धान आत ओढतो आणि तळहात काठावरून फिरवून वरचं धान पाडतो. त्या तळहाताने वर्षानुवर्षं घासलेली ती बाजू. घरच्या आजी म्हणाल्या, "माप घेताना आंगठा आत हाये का बाहीर, ते पाहात राहाचं." आंगठा आत गेला की मूठभर धान कमी भरतं. शंभर पायल्यांत शंभर मुठी.

भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका म्हणजे झाडीपट्टी, धानाचा मुलूख. मोजणीच्या यंत्रांचा इतिहास सांगायला इथून सुरुवात करतो आहे, कारण ही पायली त्या इतिहासातलं पहिलं पान नसली तरी आपल्या हाताला लागणारं पान आहे. तिच्या खालची मापं आठवून पाहा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. वर गेलं की मात्र वीस येतो. वीस कुडवांची खंडी. वीस हा हातापायांच्या बोटांचा आकडा. खालची सगळी मापं दुप्पट-निमपट करत आलेली. म्हणजे मोठा ढीग माणसाने बोटांनी मोजला आणि लहान ढीग अर्ध्याचं अर्धं करत वाटला.

ही अर्धं करण्याची रीत लक्षात ठेवावी. ती पुढे मुंबईत, कुलाब्याला, एका पोलादी सांगाड्यात पुन्हा भेटणार आहे.

मोजण्याचं सगळ्यात जुनं साधन बोट, त्यानंतर खडा. लॅटिनमध्ये खड्याला जो शब्द होता त्यावरूनच युरोपात 'कॅल्क्युलेशन' हा शब्द आला. रोमन लोक फळीवरच्या खाचांतून खडे सरकवत, चिनी लोकांनी तारांत मणी ओवले. आपल्याकडे साधन वेगळं निघालं, कारण आपल्याकडे आकडे वेगळे निघाले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची दक्षिणा लिहिली आहे, किती गायी, किती कार्षापण, असं आकड्यांत. त्या आकड्यांत अजून शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. अशा आकड्यांत नोंद ठेवता येते, बेरीज-गुणाकार करणं मात्र कष्टाचं. स्थानमूल्य आणि शून्य रूढ झाल्यावर आकडा हाच मणी झाला. तो कुठल्या घरात बसला आहे त्यावर त्याची किंमत ठरू लागली. मग तारेची गरज उरली नाही. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने आकडे लिहायचे, काम झालं की पुसायचे. गणिताला 'पाटीगणित' हे नावच त्यावरून पडलं. अरबांनी ही रीत उचलली तेव्हा तिला धुळीचा हिशेब म्हटलं.

हे शिकवणाऱ्या माणसांच्या पोटापाण्याची सोय कशी होत होती, याचाही पुरावा आपल्याकडे दगडात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण मठाला काय काय मिळावं हे सांगायची वेळ आली तेव्हा लिहिणारा मराठीवर आला. बाजारातल्या मालावर अमुक, धान्याच्या मापावर तमुक, आणि जितके तेलघाणे चालतील त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. गणिताची शाळा पळी-पायलीवर उभी होती. ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण तेल देणाऱ्या तेल्यालाही कळेल अशा भाषेत ती कोरली आहे.

पुढची पाच-सहाशे वर्षं हिशेबाचं मुख्य यंत्र म्हणजे माणसाचं तोंड. पंतोजींच्या शाळेत संध्याकाळी परवचा व्हायचा. त्यात नुसते पाढे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पावपासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे मुलं सुरात घोकत. सतरा पाऊणं पावणेतेरा. तेरा दिढे साडेएकोणीस. हे ज्याच्या जिभेवर बसलं त्याला दुकानात कागद लागत नसे. आज कुणी विचारलं की एवढं पाठांतर कशासाठी, तर उत्तर सोपं आहे. सगळा व्यवहारच पाव-अर्ध्यात चालायचा. एक आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, सोळा आण्यांचा रुपया. पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. मोडीत पाव लिहायला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन.

आता किराणा दुकानातला तराजू डोळ्यांसमोर आणा. एका शेराचे सोळा छटाक. दुकानदाराजवळ चार वजनं आहेत, छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर. म्हणजे एक, दोन, चार आणि आठ छटाक. या चारच वजनांनी तो एकपासून पंधरा छटाकांपर्यंत कुठलंही वजन करू शकतो. अकरा छटाक गूळ हवा? अच्छेर ठेवा, पावशेर ठेवू नका, अदपाव ठेवा, छटाक ठेवा. आठ, दोन आणि एक, झाले अकरा. प्रत्येक वजनाबाबत प्रश्न एकच, ठेवायचं की नाही. 'ठेवलं'ला एक आणि 'नाही ठेवलं'ला शून्य लिहिलं तर अकरा छटाक म्हणजे १०११. संगणक अकरा हा आकडा असाच साठवतो.

या दुकानदाराने संगणक शोधला होता असं कुणी समजू नये. द्विमान पद्धतीचं शास्त्र त्याने मांडलेलं नव्हतं. तराजूचाच स्वभाव असा आहे की कुठलंही वजन हाताशी नसताना तो एका ढिगाचे दोन सारखे ढीग करून देतो. जिथे तराजू आला तिथे अर्ध्याचं अर्धं आलं. पण हजारो माणसं शेकडो वर्षं या पद्धतीत रोज विचार करत होती, बिनचूक करत होती, आणि आपण तिला 'जुनाट' म्हणून मोडीत काढलं, याची हळहळ मला वाटते.

या तोंडी यंत्राला एक मोठी मर्यादा होती. ते ज्याला येतं त्याचाच शब्द शेवटचा. झाडीपट्टीत इंग्रजी अमदानीत मालगुजारी होती. गाव मालगुजाराचं, नोंद पटवाऱ्याची, वही सावकाराची. कुळाला पाढेही येत नसत आणि मोडीही वाचता येत नसे. त्याच्या हातात उरत काय, तर भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. पायली भरली की रेघ. ही रेघ म्हणजे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसाचा ताळा होता. मापाऱ्याचा आकडा आणि आपल्या रेघा जुळल्या की मान हलवायची, नाही जुळल्या तर निदान तोंड उघडायला आधार असायचा.

युरोपात हिशेब त्याआधीच चाकांवर गेला होता. ब्लेझ पास्कालचे वडील फ्रान्समध्ये करवसुलीचे अधिकारी होते. त्यांच्या बेरजांचा भार हलका करायला मुलाने १६४२मध्ये दातेरी चाकांचं यंत्र करायला घेतलं. एक चाक पुरं फिरलं की शेजारचं एक घर सरकायचं, म्हणजे हातचा आपोआप जायचा. लायब्निझने १७०३मध्ये फक्त शून्य आणि एक वापरून सगळे आकडे कसे लिहिता येतील ते मांडलं. चार्ल्स बॅबेज १८२०च्या दशकात वाफेच्या जमान्याला साजेसं गणनयंत्र बांधायला निघाला, कारण छापील कोष्टकांतल्या चुकांनी तो वैतागला होता. त्या कोष्टकांवर जहाजं चालत. बॅबेजचं यंत्र त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. अमेरिकेत १८९०च्या जनगणनेला हर्मन हॉलरिथच्या छिद्रांच्या कार्डांनी हात दिला, आणि त्या धंद्यातून पुढे आयबीएम उभी राहिली.

बॅबेजला यंत्राकडून जी कोष्टकं हवी होती तशीच कोष्टकं पुण्यात एक माणूस हाताने करत होता. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. ग्रह अमुक दिवशी आकाशात कुठे असेल हे काढण्यासाठी त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ केला, तो १८६०मध्ये छापून निघाला. पानंच्या पानं आकड्यांची. एक आकडा चुकला तर त्याच्या पुढचे सगळे चुकतात, अशा कामात माणसाने डोळे घालवले. त्या काळी इंग्रजीत 'कॉम्प्युटर' हे माणसाच्या नोकरीचं नाव होतं. सर्व्हे ऑफ इंडियात, वेधशाळांत आकडेमोड करणाऱ्या कारकुनांना त्याच नावाने ओळखत.

असंच काम विसाव्या शतकात गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी केलं. प्राचीन आहत नाणी एकेक करून तराजूत घालायची. हाताळून हाताळून नाणं झिजतं, म्हणजे किती झिजलं यावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज काढता येतो. हजारो नाणी त्यांनी अशी तोलली आणि आकडे संख्याशास्त्राच्या सूत्रांत बसवले. होमी भाभांनी १९४५मध्ये काढलेल्या, मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबी गणिताचे प्राध्यापक झाले. राहायचे पुण्यात, संस्थेत यायचे दख्खनच्या राणीने. त्याच संस्थेत आता आपल्याला जायचं आहे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता. कलकत्त्यात महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ब्रिटनमधून एक विकत आणला आणि तो १९५६मध्ये चालू झाला. पंचवार्षिक योजनेचे आकडे थांबायला तयार नव्हते, त्यामुळे विकत आणणं बरोबरच होतं. मुंबईत मात्र वेगळा विचार झाला. अणुशास्त्राला, वैश्विक किरणांच्या अभ्यासाला आकडेमोड करणारं यंत्र लागणारच होतं. ते बाहेरून आणलं तर बिघडल्यावर बाहेरच्याची वाट पाहावी लागणार, आणि परकीय चलन तर जवळजवळ नव्हतंच. शिवाय बांधल्याशिवाय कळत नाही, हा भाभांच्या संस्थेचा बाणा होता. अमेरिकेत शिकून आलेले आर. नरसिंहन १९५४मध्ये संस्थेत रुजू झाले आणि त्यांच्याभोवती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या तरुणांचा गट जमला. नरसिंहन सोडले तर त्यांच्यातल्या कुणी संगणक कधी वापरलेला नव्हता.

आधी त्यांनी लहान प्रायोगिक यंत्र केलं. ते १९५६च्या अखेरीस चालू लागलं. याच वर्षी, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेरमांडणी होऊन भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. आसगाव आणि कुलाबा एका राज्यात आले ते तेव्हा. अर्थात दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ला, नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर पैसे झाले. १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले. पावलीला आता पंचवीस नवे पैसे म्हणायचे, आणि आण्याला सव्वासहा, जे कुठल्याच नाण्यात बसत नव्हते. खेड्यापाड्यात या बदलाने किती गोंधळ घातला असेल, ते पावकी-निमकी घोकलेल्या पिढीलाच ठाऊक. दशमान पद्धत आणणं योग्य होतं. देशात प्रांताप्रांताचा शेर वेगळा, पायली वेगळी. एका गावचं माप दुसऱ्या गावात फसवणुकीचं साधन व्हायचं. पण शाळांतून पावकी-औटकी हद्दपार झाली ती याच वर्षांत, आणि याच वर्षांत कुलाब्याचे तरुण दुपटी-निमपटीवर चालणारं मोठं यंत्र जोडत होते. या दोन गोष्टी एका वेळी घडल्या, आणि मुलांना हे शेजारी शेजारी ठेवून दाखवावं असं कुणाला सुचलं नाही.

हे मोठं यंत्र फेब्रुवारी १९६०मध्ये कामाला लागलं, महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या दोन-अडीच महिने आधी. अठरा फूट लांब, आठ फूट उंच पोलादी सांगाडा. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, सुमारे १,७०० जर्मेनियम डायोड आणि साडेबारा हजारांच्या आसपास रोधक. नळी म्हणजे काचेचा लहान दिवाच. ती तापते, आणि तापता तापता एक दिवस जाते. इतक्या नळ्यांमधली नेमकी कुठली गेली ते शोधणं हे त्या यंत्राजवळच्या माणसांचं रोजचं काम. स्मरणासाठी लोहचुंबकी कड्यांची जाळी होती. एक कडी एका दिशेने चुंबकली की एक, उलट दिशेने चुंबकली की शून्य. वजन ठेवलं, नाही ठेवलं, तेच. चाळीस कड्यांचा एक शब्द, असे १,०२४ शब्द. एकाची दहा वेळा दुप्पट केली की १,०२४ येतात. गुणाकार करून पाहिला तर चाळीस हजार नऊशे साठ कड्या होतात, आणि प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या.

यंत्राला सांगायचं कसं? कागदी पट्टीला छिद्रं पाडून. छिद्र म्हणजे एक, कोरी जागा म्हणजे शून्य. उत्तर टेलिप्रिंटरवर छापून यायचं, पण या गटाने आणखी एक सोय केली होती. दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या नळीवर आकडे आणि आलेख प्रत्यक्ष दिसत. त्या काळी जगातही हे फार ठिकाणी नव्हतं. छापील कागदाची वाट न पाहता यंत्र काय करतं आहे ते डोळ्यांनी पाहावं, ही ओढ बांधणाऱ्यांनाच असते. आंगठा आत आहे की बाहेर, हे त्यांना पाहायचं होतं.

जानेवारी १९६२मध्ये संस्थेच्या कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला पंडित नेहरू आले, तेव्हा यंत्राचं नामकरण झालं, टिफ्रॅक. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांना 'स्वयंचलित गणक' जोडून केलेलं नाव. देशातल्या विद्यापीठांतून, प्रयोगशाळांतून लोक आपले प्रश्न घेऊन येऊ लागले आणि यंत्र पाळ्यांमध्ये चालवावं लागलं. ज्यांनी पुढे भारतात संगणकशास्त्र शिकवलं त्यांतल्या कित्येकांचं पहिलं यंत्र हेच.

आणि तरीही ते जन्मतःच मागे पडलं होतं, हे सांगायला हवं. आयबीएमने १९५९मध्येच ट्रान्झिस्टरचं १४०१ हे यंत्र बाजारात आणलं होतं. टिफ्रॅक चालू झाला तेव्हा नळ्यांचा काळ संपत आला होता. १९६४मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा बलाढ्य संगणक आला आणि थोड्याच काळात टिफ्रॅक बंद झाला. काही जण या सगळ्याला वाया गेलेली मेहनत म्हणतात. मला ते पटत नाही. सीडीसी आला तेव्हा तो समजून घेणारी, त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणारी माणसं मुंबईत तयार होती, ती या सांगाड्याजवळ घडलेली होती. बाहेरून आणलेल्या यंत्राचा उपयोग किती व्हायचा, ते आणणाऱ्याच्या तयारीवर ठरतं.

कारखान्यांत आणि कचेऱ्यांत मात्र दुसरीच कथा चालू होती. मुंबईत एस्सो या तेल कंपनीने १९६१मध्ये आयबीएम १४०१ बसवला, मागोमाग इतरांनीही. यंत्र भाड्याचं. उघडायचं ते आयबीएमच्याच माणसाने. आयुर्विमा महामंडळात संगणक येतो म्हटल्यावर कर्मचारी संघटना उभ्या ठाकल्या. एका यंत्रामागे किती कारकून घरी जाणार, हा त्यांचा सवाल होता. त्या आंदोलकांना पुढे फार हिणवलं गेलं. पण ज्या काळात बी. ए. झालेली मुलं कारकुनीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहत होती, त्या काळात ही भीती खरी होती. केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. १९७२च्या अहवालानंतरही बरीच वर्षं संगणक आणायला परवानग्यांचे उंबरठे झिजवावे लागत. भारतीय भागीदारीचा कायदा मान्य नसल्याने १९७८मध्ये आयबीएम देश सोडून गेली.

अडवणुकीतून काम उभं राहतं, याचा पुढचा दाखला पुण्याचा. हवामान वर्तवायला महासंगणक हवा होता. अमेरिकेची 'क्रे' यंत्रं त्यात अव्वल, पण हवं ते यंत्र द्यायला अमेरिका तयार नव्हती. हे यंत्र अण्वस्त्रांच्या आकडेमोडीलाही चालतं, ही त्यांची शंका. अखेर लहान क्षमतेचं एक यंत्र कडक अटींवर दिल्लीला मिळालं. १९८८मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात प्रगत संगणन विकास केंद्र, सी-डॅक, स्थापन झालं. त्याची सूत्रं होती विजय भटकरांकडे, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या माणसाकडे. एक अजस्र यंत्र बांधण्याची साधनं हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर घेतले, एकमेकांना जोडले आणि काम सगळ्यांत वाटून दिलं. खळ्यावर रास मोठी असली की चार मापारी चार बाजूंनी बसतात, तसं. अवघड असतं ते वाटणीचं, म्हणजे कुणी कुणासाठी थांबायचं आणि शेवटी बेरीज कुणी करायची. ते सोडवून तीन वर्षांत, १९९१मध्ये, 'परम ८०००' उभा राहिला.

१९८८ हे साल पवनी तालुक्याला दुसऱ्या कारणाने आठवतं. त्या एप्रिलमध्ये राजीव गांधींनी वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली. सी-डॅकची स्थापना त्याच्या महिनाभर आधीची. पुण्याचं काम ठरल्या मुदतीत झालं. गोसीखुर्दच्या कालव्यांची वाट इथल्या शेतकऱ्यांनी तीन दशकं पाहिली. यंत्र हाती असूनही आकडा शेतापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे विदर्भाला कुणी सांगायला नको.

आकडा पोचण्याआधी अक्षर पोचावं लागतं. देवनागरी पडद्यावर आणण्याचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं होतं, ते पुढे सी-डॅकमध्ये वाढलं, जिस्ट नावाच्या कार्डाने साध्या संगणकावर मराठी उमटू लागली. पुढे युनिकोड आलं. पटवाऱ्याच्या कापडी बस्त्यातला सातबारा संगणकात गेला, आणि २०२१पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून मोबाइलमधून करायची, अशी ई-पीक पाहणी आली. कोळशाची रेघ ओढणाऱ्याच्या नातवाला पहिल्यांदा सरकारी नोंदीत स्वतःच्या हाताने आकडा लिहायला मिळाला, या दृष्टीने मी त्या ॲपकडे पाहतो. बांधावर नेटवर्क नसतं, ही तक्रार खरी आहे. पण ज्याच्या पिकाची नोंद त्याच्याच हातून, ही गोष्ट मालगुजारीत कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

हंगामात तालुक्यातल्या एका धान खरेदी केंद्रावर दुपारभर थांबलो होतो. ट्रॅक्टरांची रांग, बारदान्याचे गठ्ठे, उडता भुसा. आधी मूठभर धान एका डबीवजा यंत्रात घातलं जातं, ते ओलावा सांगतं. सतरा टक्क्यांवर असेल तर माल पुन्हा वाळवायचा. मग इलेक्ट्रॉनिक काटा. हमाल कट्टा काट्यावर टाकतो, लाल आकडे थरथरतात आणि स्थिरावतात. चाळीस किलो. काट्याच्या आत शून्य आणि एक यांचाच खेळ चालू असतो. कारकून संगणकात आकडा भरतो, पैसे नंतर थेट बँकेत.

काट्यापासून दोन हातांवर एक म्हातारे शेतकरी उभे होते. डोक्याला दुपट्टा, हातात विटेचा तुकडा. कट्टा उतरला की ते शेजारच्या भिंतीवर रेघ ओढत. चार उभ्या, पाचवी आडवी. मी विचारलं, "बाबा, आकडा तर दिसतो आहे ना समोर?"

"दिसते ना," ते म्हणाले. नजर काट्यावरून हलली नाही. "थो त्याइचा आकडा. हा माहा."

हमालाने पुढचा कट्टा टाकला. त्यांनी आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि मग रेघ ओढली.